आत्याची कॅसेट: 'द डीमन्स' उतरवून घेतानाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, वडोदरा

काम तीन टप्प्यांचं आहे. आत्याने लेस्टरहून पाठवलेली ई-१८० कॅसेट साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मग तीच गोष्ट २०१२च्या डीव्हीडीवर बघायची आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून ताडायची. तिसरा टप्पा म्हणजे एक प्रयोग, आणि सगळा खटाटोप खरा त्याच्यासाठीच आहे: डीव्हीडीच्या चित्रातला रंग काढून टाकायचा आणि त्या जागी कॅसेटमधला रंग चढवायचा. हे असलं काही का करावं, ते कॅसेट चालली तर लिहीन.

गोष्ट आहे 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतली 'द डीमन्स'. पाच भाग, बीबीसीवर पहिल्यांदा २२ मे ते १९ जून १९७१ या काळात दाखवलेले. आत्याने टेप केले ते १९९२च्या अखेरीस बीबीसी टूने पुन्हा दाखवले तेव्हा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं त्या काळात मी अंघोळसुद्धा पुढे ढकलायचे, हे तिच्या लक्षात होतं. म्हणून भाचीसाठी टेप करून तिने इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत कोंबून पाठवली. इंग्लंड आणि भारत दोन्हीकडे पाल पद्धत, ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं, त्यामुळे तिच्या कॅसेटी आमच्याकडे सरळ चालायच्या. अमेरिकेतून आलेल्या कॅसेटींचं चित्र नुसतं वरखाली गडगडायचं.

ऑगस्टच्या पुरात अकोट्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या कपाटातला व्हीसीआर गेला. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. वाचल्या म्हणजे बुडाल्या नाहीत एवढंच. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसते आहे. बुरशी. अशी कॅसेट तशीच मशिनमध्ये घातली तर टेप वाचणारे हेड भरतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागण होते.

२६ ऑक्टोबर

रावपुऱ्यातल्या मेकॅनिक काकांकडे जुना व्हीसीआर मिळाला. पूर्वी त्यांच्याकडून लोक रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन-चार सिनेमांच्या कॅसेटी भाड्याने न्यायचे. आता दुकानात मिक्सर आणि इस्त्र्या. मशीन फडताळातून काढताना म्हणाले, "बेन, आ तो हवे म्युझियमनी चीज छे." पट्टे कडक झाले होते आणि रबराचं चाक गुळगुळीत. दोन्ही बदलून दिली, पैसे मात्र पट्ट्यांचेच घेतले.

हेड कसं पुसायचं ते त्यांनी हातात हात धरून शिकवलं. शॅमॉय चामड्याची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेड बसवलेल्या ड्रमला नुसती टेकवायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. काडी हलवायची नाही. वरखाली तर अजिबात नाही, कारण ड्रमच्या कडेला बसवलेला फेराइटचा कण नखाच्या टोकाहून लहान असतो आणि उभ्या धक्क्याने तुटतो. पाल व्हीसीआरमध्ये हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. समोरासमोर दोन हेड, प्रत्येक हेड अर्ध्या फेऱ्यात टेपवर एक तिरकी रेघ वाचतं, आणि त्या एका रेघेत अर्धं चित्र असतं. टेप स्वतः मात्र सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरच्या जरा पुढे, इतक्या सावकाश सरकते. प्लँटवर मी आयुष्यभर फिरत्या यंत्रांची मोजमापं घेतली, पण इतकी नाजूक गोष्ट लोकांनी वीस-वीस वर्षं टीव्हीखाली ठेवून वर दुधाचा पेला ठेवला, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली, आज कॅसेट उघडली. पाठीमागचे पाच स्क्रू, मग झाकण अलगद वर. आतली चाकं कशी बसली आहेत याचा फोटो आधी काढून ठेवला. पूड एका कडेलाच आहे, टेपच्या पृष्ठभागावर कमी. बाहेर गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, आधी कडा कोरड्या ब्रशने झाडल्या. मग टेप हाताने एका चाकावरून दुसऱ्यावर घेत मऊ कापडातून ओढली. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली की टेपला सुरकुती पडते, आणि सुरकुती आयुष्यभर चित्रात आडवी रेघ होऊन दिसते.

भाच्याने मध्येच विचारलं, "मावशी, नेटवरून मिळत नाही का हे?" गोष्ट मिळते, ही कॅसेट नाही मिळत.

१६ नोव्हेंबर

चाललं! पहिला भाग सुरू होण्याआधी बीबीसी टूची खूण आणि निवेदिकेचा आवाज. ट्रॅकिंग थोडं फिरवल्यावर चित्र स्थिर झालं.

व्यवस्था अशी: व्हीसीआरमधून जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये, तिथून कॅप्चर कार्डात. रेकॉर्डरने काही रेकॉर्ड करायचं नाही. त्याने फक्त मधल्या मध्ये प्रत्येक रेघेची वेळ सरळ करायची. व्हीएचएसवर रेघा किंचित उशिरा-लवकर येतात आणि दाराची चौकट, खांब, सगळं थरथरल्यासारखं दिसतं. खास टाइम बेस करेक्टर महाग असतो, ठरावीक डीव्हीडी रेकॉर्डर फुकटात पुष्कळसं काम करतात.

७२० गुणिले ५७६, रंगाची अर्धी माहिती, दाबून लहान न करता घेतलं तर तासाला साधारण ७५ जीबी होतात. बिनघटीचं कॉम्प्रेशन लावलं की निम्म्याहून खाली येतं. थेट एमपी४ करू नये. व्हीएचएसचा बारीक कचरा हीच एमपी४ करणाऱ्या सॉफ्टवेअरला माहिती वाटते आणि ते सगळी ताकद तिथेच घालवतं.

चित्राच्या अगदी तळाशी काही रेघा फाटल्यासारख्या वाकड्या दिसतात. एक हेड वाचन सोडतं आणि दुसरं घेतं ती जागा. जुन्या टीव्हीची चौकट चित्राच्या कडा झाकायची म्हणून ही सांध्याची जागा घरी कुणालाच कधी दिसली नव्हती. ती कापायची नाही असं ठरवलं.

पाच भाग मिळून दोन तासांच्या जरा वर. १८० मिनिटांची कॅसेट, म्हणजे शेपूट उरते. त्या शेपटीत एका डिसेंबरच्या संध्याकाळचा ब्रिटनचा हवामान अंदाज आहे आणि नंतर नुसत्या मुंग्या.

२४ नोव्हेंबर

आता रंगाचं.

१९७१ साली 'द डीमन्स' रंगीत बनली होती. दोन इंची रंगीत टेप महाग, पुन्हा वापरता येणारी, म्हणून बीबीसीने पुढे पुसल्या. पाचपैकी फक्त चौथ्या भागाची मूळ रंगीत टेप राहिली. बाकी चार भाग उरले ते १६ मिमीच्या कृष्णधवल फिल्मवर. परदेशी केंद्रांना विकायला अशा प्रती काढायचे: मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर दिसेल ते चित्रित करायचं.

मग रंग कुठून आला? अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट टीव्हीवर लागली तेव्हा कुणीतरी घरच्या मशिनवर ती टेप करून ठेवली होती. अमेरिकन पद्धत, ५२५ रेघा, चित्र मऊ आणि धुरकट. नुसतं बघायला निकृष्ट. पण तिच्यात रंग होता. १९९२मध्ये काही मोजक्या लोकांनी, बीबीसीतल्याच तांत्रिक मंडळींसह, फिल्मवरचं स्पष्ट कृष्णधवल चित्र घेतलं आणि त्यावर त्या घरगुती टेपमधला रंग बसवला. दोन्ही चित्रं आकाराने तंतोतंत जुळत नव्हती. एक मॉनिटरवरून फिल्मवर उतरलेलं, दुसरं दुसऱ्याच देशाच्या पद्धतीत गेलेलं. म्हणून रंगाचं चित्र ताणून, वाकवून फिल्मवर बसवावं लागलं. तेच रूप १९९२ अखेरीस बीबीसी टूवर लागलं, पुढच्या वर्षी विकतच्या व्हीएचएसवर आलं, आणि आत्याच्या मशिनने नेमकं तेच पकडलं. २०१२च्या डीव्हीडीसाठी हेच काम नव्या साधनांनी परत केलं गेलं.

हे मुळात जमतं कारण डोळा बारीक तपशील उजेडावरून टिपतो, रंगाच्या बाबतीत तो फारच भोंगळ आहे. टीव्हीची पद्धत बांधणाऱ्यांनी हे हेरूनच रंगाला कमी जागा दिली. व्हीएचएसने तर आणखी कंजूषपणा केला: उजेडाला साधारण ३ मेगाहर्ट्झ, आणि रंग खाली उतरवून ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास कोपऱ्यात बसवलेला. इतक्या अरुंद जागेतला रंगही नीट चित्राखाली ठेवला तर डोळा तक्रार करत नाही. रांगोळीत आधी रेषा नेमकी असली की भरलेला रंग चिमूटभर इकडेतिकडे झाला तरी खपतो, तसंच.

संस्थेने पुसलं आणि घरातल्या कुणीतरी ठेवलं, ही गोष्ट मला 'डॉक्टर हू'च्या कुठल्याही भागाइतकीच भारी वाटते. ठेवणाऱ्याला आपण काय ठेवतोय याचा पत्ताही नसणार.

१ डिसेंबर

डीव्हीडीची जुळवाजुळव. ब्रिटनची डीव्हीडी विभाग २ची, भारत विभाग ५मध्ये. रिमोटवर ठरावीक आकडे दाबून प्लेअर मोकळा केला. संध्याकाळी आई, भाचा आणि मी, पहिले दोन भाग. आईसाठी मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते, दहा मिनिटांनी ती म्हणाली, "तू गप्प बस, मला कळतंय."

गोष्ट थोडक्यात: डेव्हिल्स एंड नावाच्या खेड्यात एक प्राचीन थडगं मध्यरात्री उकरणार आहेत, आणि टीव्हीवाले ते थेट दाखवणार आहेत. गावातल्या मिस हॉथॉर्न बाई स्वतःला पांढरी चेटकीण म्हणवतात आणि हे करू नका म्हणून सांगतात. नवा पाद्री आलेला आहे आणि तो म्हणजे वेषांतर केलेला मास्टर, डॉक्टरचा जुना वैरी. त्याला थडग्याखालच्या शक्तीला जागं करायचंय. चित्रीकरण विल्टशरमधल्या ऑल्डबोर्न गावात झालं. खरं गाव, खरं चर्च, खरी दारूची खानावळ, आणि बराच भाग बाहेर फिल्मवर घेतलेला. त्यामुळे 'डॉक्टर हू'मध्ये एरवी जाणवतो तो पुठ्ठ्याच्या भिंतींचा वास इथे कमी येतो.

आईचं लक्ष पाद्र्यावर. रॉजर डेलगाडोने मास्टर इतका मधाळ केला आहे की गावकरी भुलतात यात नवल नाही. आई म्हणाली, "एवढं गोड बोलणारा भटजी दक्षिणा किती घेत असेल!"

तळघरात तो पूजा करतो तेव्हाचे मंत्र म्हणजे 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' उलटं म्हटलेलं आहे. खरे विधी वापरून कुणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या. भाच्याने लगेच आवाज उलटा करून पाहिला आणि हाती घोळ लागला, कारण उलटवलेली आहेत ती अक्षरं, आवाज नव्हे.

८ डिसेंबर

तिसरा, चौथा, पाचवा. एका बैठकीत.

पहिल्या भागात एक किरकोळ प्रसंग आहे. डॉक्टरची सहकारी जो ग्रँट जादूटोण्यावर विश्वास ठेवते म्हणून डॉक्टर तिची फिरकी घेतो: त्याची पिवळी बेसी गाडी चालकाविना अंगणात फिरते, आणि मग तो खिशातला रिमोट दाखवतो. गंमत म्हणून सोडून द्यावं असं. चौथ्या भागात गावकरी डॉक्टरला मेपोलला (मे महिन्याच्या उत्सवात ज्याभोवती नाचतात त्या खांबाला) बांधून जाळायला निघतात तेव्हा मिस हॉथॉर्न ओरडून सांगतात की हा थोर जादूगार आहे, याच्या नादी लागू नका. मग तो म्हणेल ते घडू लागतं. दूर लपलेला, डॉक्टरच्या बाजूचा सैनिक सार्जंट बेंटन आवाज न होणाऱ्या बंदुकीने नेम धरून एकेक वस्तू फोडतो, आणि बेसी आपोआप चालत येते. म्हणजे पाचही भाग जो माणूस 'जादू नसते, शास्त्र असतं' म्हणून कानीकपाळी ओरडतो, त्याचा जीव वाचतो तो शास्त्राने जादूचं सोंग घेतल्यामुळे. लेखकांनी हे मुद्दाम अधोरेखित केलेलं नाही, म्हणून ते आवडलं. पटकथेवर गाय लिओपोल्ड असं नाव आहे, पण ते टोपणनाव. आत निर्माता बॅरी लेट्स आणि रॉबर्ट स्लोमन.

मेपोलभोवती नाचणारे मॉरिस नर्तक (इंग्लंडमधले लोकनर्तक) डॉक्टरला घेरतात तेव्हा आई दचकली. "पायात घुंगरू बांधून नाचतायत म्हणजे सज्जन असतील असं वाटलं मला."

मला सगळ्यात जवळचा वाटला तो तंत्रज्ञ सार्जंट ऑसगुड. गावाभोवती उष्णतेचं अदृश्य कडं पडलंय, सैन्य बाहेर अडकलंय, आणि डॉक्टर आतून दूरवरून ऑसगुडला एक यंत्र बांधायला सांगतो. सांगणाऱ्याला सगळं सोपं. ऐकणारा घामाघूम, त्याला तत्त्वच पटलेलं नाही आणि वरिष्ठ मागे उभे राहून घड्याळ बघतायत. रात्रपाळीला फोनवरून व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेणाऱ्या माणसांनी हा प्रसंग लिहिला असावा. यंत्र कडं उघडतं, माणसं आत जातात, आणि ते जळून बंद पडतं. अगदी आमच्यासारखंच.

थडग्याखालून जागा झालेला दैत्य एझॅल मोठा होताना आसपासची उष्णता शोषतो आणि लहान होताना बाहेर टाकतो, म्हणून कधी बर्फ, कधी भट्टी. आकडे मांडायला बसलं तर सगळा डोलारा कोसळेल. पण वस्तुमान कमी झालं तर त्याचं काय झालं, हा प्रश्न त्यांना पडला, हिशेबाची वही तरी त्यांनी उघडली. आजच्या महागड्या मालिकांमध्ये तेवढंही नसतं.

सैन्याचा प्रमुख ब्रिगेडियर, त्याच्या सुप्रसिद्ध हुकमाला (पंख असलेल्या त्या गड्यावर पाच फैरी झाडा, हे तो चहा सांगावा तशा सुरात सांगतो) तिघेही हसलो. ब्रिगेडियर झालेल्या निकोलस कोर्टनीने पुढे आत्मचरित्राला त्याच पाच फैरींचं नाव दिलं.

शेवट मात्र फसलाय. जो ग्रँट डॉक्टरऐवजी स्वतःचा जीव द्यायला पुढे येते, एझॅलला ते तर्कात बसवता येत नाही आणि तो स्वतःच संपतो. माणसाच्या प्रगतीवर युगानुयुगं नजर ठेवून बसलेल्या जीवाने त्याग एकदाही पाहिला नसेल? भाच्याला पटलं नाही. तो म्हणाला, "मावशी, पाहिला असेल गं, पण त्याच्या तोंडावर कुणी केला नसेल." हे मला सुचलं नव्हतं. तरी पाच मिनिटं आधीच गुंडाळल्यासारखं वाटतंच.

२१ डिसेंबर

प्रयोग. डीव्हीडीतले तीन तुकडे निवडले: बेसीचा अंगणातला फेरा, तळघरात लाल झग्यातला मास्टर, आणि तुलनेसाठी चौथ्या भागातला एक, कारण त्याचा रंग मूळचाच आहे. भाच्याने अवीसिंथ या व्हिडिओ सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट लिहिली. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने रंग, एका आज्ञेत जोडणी. खरं काम त्याच्या आधीचं: कॅसेटचं चित्र डीव्हीडीवर बसेपर्यंत कडेने कापणं, किंचित ताणणं, चित्राला चित्र जुळवणं. १९९२वाल्यांच्या मानाने हे सोपंच, आमच्याकडे दोन्ही पाल आणि दोन्हींचं मूळ तीच फिल्म.

पहिली जोडणी पाहिली तर मास्टरचा झगा त्याच्यापासून सुटून उजवीकडच्या भिंतीवर गेलेला. व्हीएचएसवर रंग उजेडाच्या मागे रेंगाळतो, उजवीकडे आणि थोडा खाली सरकतो, आणि लाल सगळ्यात वाईट पसरतो. रंग काही पिक्सेल डावीकडे, दोन-तीन रेघा वर नेला. लाल भिंतीवरून उतरून खांद्यावर आला. बाहीच्या टोकाला अजून धुरासारखी कडा आहे, पण ती थांबवून निरखलं तरच दिसते. चालू चित्रात आईला डीव्हीडी कुठली आणि आमचं मिश्रण कुठलं ते ओळखता आलं नाही. भाच्याला आलं. त्याने सावल्यांवरून ओळखलं: आमच्या अंधारात हिरवट झाक आहे.

बेसीचा पिवळा सगळ्यात छान बसला. मोठा सपाट रंग, सरळ कडा. चौथ्या भागात काहीच मिळवलं नाही, उलट घालवलं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

११ जानेवारी २०२५

उत्तरायणाच्या तयारीत भाचा गच्चीवरून हलत नाही, त्यामुळे फाइलींची मांडणी मी एकटीने. कच्ची कॅप्चर दोन वेगळ्या डिस्कवर. हवामान अंदाज आणि निवेदिकेचा आवाज वेगळे कापून ठेवले, मूळ फाइलीतून न काढता. हिरवट झाक कॅप्चर कार्डाची की कॅसेटची, हे तपासायला दुसऱ्या कॅसेटवरची रंगपट्टी लागेल.

आत्याशी फोन. म्हटलं, "आत्या, तुझी कॅसेट चालली." तिला कुठली कॅसेट ते आठवेना. मग म्हणाली, "अगं, मी तर तुला त्या मोठ्या कानांच्या माणसाची पाठवायला सांगितलं होतं तुझ्या काकांना, त्यांनी भलतंच टेप केलं!" मोठ्या कानांचा म्हणजे स्पॉक. एक कॅसेट तिच्याकडेही उरली आहे, ती फेब्रुवारीत येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते आहे. माळ्यावरच्या डब्यात आणखी दोन आहेत: एकीवर लेबल नाही आणि बुरशी हिच्याहून जास्त, दुसरीचं झाकण तुटलेलं. तुटकीची टेप चांगल्या खोक्यात घालायची आहे. बिनलेबलची आधी रावपुऱ्यात काकांना दाखवायची, तोवर मशिनजवळ न्यायची नाही.